खळ्यावरचा वारा

आमच्या गावात मंडप टाकून, सगळ्यांदेखत वाऱ्यावर दिवा लावणारा पहिला माणूस मी, अशी गावाची समजूत आहे. मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या एसटीत कोणी नवखा असला, तर आमच्या फाट्याजवळ त्याला खिडकीतून माझं घर दाखवलं जायचं. शाळेनं मला बोलावून शाल दिली. मुलांसमोर माझं भाषण झालं आणि त्यात मी जिद्द हा शब्द गरजेपेक्षा जास्त वेळा वापरला.

गावाची दुसरी समजूत अशी, की माझी पवनचक्की चांगली चालत होती, पण माझ्या साळ्यानं मशीन कच्चं बनवलं म्हणून ती बंद पडली. कल्पना सरांची, काम साळ्याचं. कल्पना पास, काम नापास.

या दोन्ही समजुती खोट्या आहेत आणि दोन्ही माझ्यामुळे पसरल्या आहेत. पहिली खोटी ठरली तर माझं थोडं हसू होईल, एवढंच. दुसरीनं मात्र एका माणसाच्या हातचं काम काढून घेतलं. तोंडानं सांगून पाहिलं, लोक ऐकत नाहीत. म्हणून लिहितो आहे.

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. व्यापारी वारे, पश्चिमी वारे, नैऋत्य मोसमी वारे, सगळे माझ्या फळ्यावर बाण होऊन वाहायचे. माझे बाण सरळ असत, म्हणून तपासणीला येणारे साहेब खूश होत. खऱ्या वाऱ्याशी माझा संबंध एवढाच, की वर्गाची खिडकी उघडली की खडूची भुकटी डोळ्यांत जायची. म्हणून वारे शिकवताना मी खिडकी बंद ठेवत असे.

निवृत्तीनंतर गावाच्या कडेला, शेताला लागून घर बांधलं. लाइन कधी येई आणि कधी जाई, ते लाइनलाच माहीत. त्याचीही मला सवय झाली असती, पण आमचे देऊळघाटचे व्याही आडवे आले. त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं. मुलीला भेटायला गेलो की चहाच्या आधी ते मला गच्चीवर नेत आणि प्लेटांवर हात फिरवून दाखवत, जसा कोणी बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवावा. आपल्याकडं लाइन गेली हे आपल्याला शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून कळतं, असं ते एकदा म्हणाले. मी कौतुक केलं. परतीच्या एसटीत मात्र आपल्या घरी काय लावता येईल याचाच हिशोब करत होतो.

सोलर घेतलं असतं तर ती व्याह्यांची नक्कल झाली असती. म्हणून मी वारा निवडला. ऊन संध्याकाळी निघून जातं, वारा रात्रीही असतो, असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, असेल.

मशीन बनवायला घरचाच माणूस होता. बायकोचा धाकटा भाऊ मेहकरला मोटारवाइंडिंगचं दुकान चालवायचा. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की लोक त्याच्याकडे आणत. आतली करपलेली तार काढून तो नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचा. काम पक्कं होतं आणि तोंड त्याहून पक्कं. माझ्या हातची मोटार जळत नाही, म्हातारी होऊन मरते, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं आणि वाइंडिंग सोडून बाकी बहुतेक मतं चुकीची होती. लोणारच्या सरोवराच्या तळातून वारा निघतो आणि तिथून तो चहूकडे जातो, ही त्याची पक्की समजूत. मी भूगोलाचा माणूस, मी खोडून काढायला गेलो की तो विचारायचा, "तुमी पाह्यलं का?" मी पाहिलेलं नसायचं. वाद तिथेच संपायचा.

पवनचक्कीचं नाव काढताच त्यानं जुन्या मोटारीची दुरुस्ती बाजूला ठेवली आणि माझ्याच अंगणात दुकान मांडलं. जीपच्या चाकाचा हब आणला. दोन लोखंडी तबकड्यांवर गोल चुंबकं चिकटवली. दोन्हींच्या मधे स्वतः गुंडाळलेल्या तारेची वेटोळी रेझीनमधे घट्ट बसवली. पाती पाण्याच्या जाड प्लास्टिक पाइपातून कापून कानशीनं घासली. त्या दिवसांत चुंबकांनी घरातला विळा, अडकित्ता आणि बायकोची सांडशी ओढून घेतली. तिनं भावाला सांगितलं, की वीज येईल तेव्हा येईल, आधी माझी सांडशी येऊ दे.

मशीनला वाऱ्याकडे तोंड करायला मागे शेपूट लागते. ती त्यानं पत्र्याची केली आणि पेंटरकडून तिच्यावर आपल्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. खाली ओळ होती, 'वाइंडिंग करावी तर इथंच'. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे, हा त्याचा हट्ट होता आणि मला तो गैर वाटला नाही. मीही व्याह्यांना दिसावं म्हणूनच सगळं करत होतो.

अंगणात त्यानं ड्रिलमशीन लावून तबकड्या जोरात फिरवून दाखवल्या. बल्ब लख्ख लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मशीन चांगलं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "मशीनचं मी पाह्यतो भाऊजी. वारा कुठं हाय ते तुमी सांगा. तुमचा विषय हाय."

माझा विषय होता खरा. पण माझ्या फळ्यावरचे वारे अरबी समुद्रावरून निघत आणि थेट हिमालयाला धडकत. आमच्या गावात त्यांचा थांबा नव्हता. तेव्हा मी गावातल्या जाणत्यांना विचारलं. त्यात दुमत झालंच नाही. सगळे म्हणाले, खळ्यावर.

खळं म्हणजे ज्वारी मळायची आणि उपणायची जागा. आमचं जुनं खळं घराच्या मागेच होतं. मळणीयंत्रं आली तेव्हापासून ते रिकामं पडलं होतं आणि त्यावर तरोटा माजला होता. पण लहानपणी मी तिथे आईला उपणताना पाहिलं होतं. ती लाकडी तिवईवर उभी राहायची, टोपलं डोक्याच्या वर धरून हळूहळू तिरपं करायची. दाणा सरळ पायाशी पडायचा आणि भुसा थोडा पुढे जाऊन चंद्रकोरीसारखा साचायचा. वारा नाही म्हणून उपणणी थांबली, असं कधी घडलं नाही. एक म्हातारा तर म्हणाला, की आपल्या बापजाद्यांनी आधी खळ्याची जागा पाहिली आणि मग गाव वसवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात मी.

बोअरच्या केसिंग पाइपाचा खांब केला. ट्रॅक्टर लावून तो खळ्यावर उभा केला आणि तारांचे ताण दिले. महिना माघाचा होता. तुरी घरात आल्या होत्या, लोक मोकळे होते. खांब उभा राहिल्यावर सगळे वर पाहत राहिले. पाती हलली, थोडी थबकली आणि मग फिरू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फिरत होती, पण एखादी म्हातारी जातं ओढते तशी. वेग एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच बॅटरीत वीज भरते. त्याखाली पाती दिवसभर फिरली तरी ती नुसती शोभा. साळ्यानं मीटर लावला, काटा हलला नाही. तो म्हणाला, थांबा, वारा येऊ द्या. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मी थांबण्याच्या अवस्थेत नव्हतो. उद्घाटनाचा दिवस मी आधीच ठरवून टाकला होता. सरपंचांना सांगून झालं होतं, हेडमास्तरांना सांगून झालं होतं, आणि देऊळघाटला निरोप गेला होता.

मी चार्जर विकत आणला. ट्रॅक्टरची बॅटरी आतल्या खोलीत खाटेखाली ठेवली आणि लाइन असेल तेव्हा ती घरच्या प्लगवर भरत राहिलो. बायकोनं झाडताना वायर पाहिली. हे काय, म्हणून विचारलं. मी म्हणालो, तयारी. तिनं वायरच्या कडेनं झाडून घेतलं आणि पुढे गेली.

साळा उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच आला. बॅटरी भरली आहे हे त्यानं मीटर लावून पाहिलं आणि माझ्याकडे वळला. मी सांगितलं, की परवा-तेरवा बरंच वारं सुटलं होतं. तो एवढा खूश झाला, की त्यानं मशीनच्या खांबालाच थाप मारली. तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं. पण मंडप टाकून झाला होता आणि जिलेबीवाल्याची कढई तापली होती.

खांबाखाली टेबल मांडून त्यावर तसबिरी ठेवल्या होत्या. आमच्या घरी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून वंदना घेतात. सरपंचांनी सवयीनं नारळ आणला होता. त्यांचा मान ठेवून तोही फुटला. बायकोनं मेणबत्ती लावली आणि उघड्यावर लावताना बायका धरतात तसा तळहात आडवा धरला. क्षणभरानं तिनं हात काढून घेतला. गरज नव्हती. ज्योत थोडी मान तुकवत होती आणि पुन्हा सरळ होत होती. माझं भाषण संपेपर्यंत ती विझली नाही, आणि माझं भाषण लहान नव्हतं. जो वारा मेणबत्ती विझवू शकत नव्हता त्यानं घर उजळल्याचं मी त्याच मेणबत्तीशेजारी उभं राहून सांगत होतो.

एवढ्या माणसांत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. व्याही ज्योतीकडे जरा जास्त वेळ पाहत होते, असं मला वाटलं, पण तेवढ्यात जिलेबी आली.

सरपंचांनी बटण दाबलं. ओसरीतला बल्ब लागला. लोकांनी बल्बकडे पाहिलं, मग वर पात्यांकडे, मग पुन्हा बल्बकडे, आणि दोन्हींचा संबंध आपणच जोडून घेतला. साळा प्रत्येकाला हाताला धरून खांबाखाली नेत होता. माह्या हातची वाइंडिंग हाय, असं सांगत होता. त्या दिवशी त्याचं जेवणही राहून गेलं.

बॅटरी काही संध्याकाळी पुरली आणि मग बल्ब लालसर होऊन विझला.

इथून पुढचा गावाचा हिशोब मला तेव्हा सुचला नव्हता. दिवा मुळात लागलाच नसता, तर लोक म्हणाले असते, आपल्याकडं वारा नाही. विषय संपला असता. पण दिवा सगळ्यांदेखत लागला होता. म्हणजे वारा आहे. सरांची जागाही बरोबर आहे. मग बिघडलं काय? राहिलं काय, तर मशीन. माझ्या त्या चार दिवसांच्या दिव्यानं वाऱ्याला निर्दोष सोडलं, मला निर्दोष सोडलं, आणि जो खरोखर निर्दोष होता त्याला धरलं.

साळा दुकान बंद ठेवून येत असे. खांब आडवा करायचा, मशीन खोलायचं, एकेक वेटोळं मीटरनं तपासायचं. ड्रिल लावून फिरवलं की बल्ब लागायचा. खांब उभा केला की लागायचा नाही. तो पुन्हा खोलायचा. मी बाजूला पोत्यावर बसून त्याला हवा तो पाना हातात देत असे. दर खेपेला तो मधेच थांबून मला विचारायचा, "त्या दिवशी लागला होता ना भाऊजी?"

मी म्हणायचो, हो, लागला होता.

त्याचा सगळा शोध या एका उत्तरावर उभा होता. वाऱ्यावर एकदा चाललेलं मशीन पुन्हा चालत नसेल, तर मधल्या काळात ते कुठेतरी कमजोर झालं असलं पाहिजे. तो कमजोर जागा शोधत होता. ती जागा त्याच्या शेजारी पोत्यावर बसून पाने देत होती.

आषाढात मी शेताच्या वरच्या टोकाला गेलो होतो. तिथे जमीन चढत जाते आणि वर मुरमाड बरड आहे. तिथे पेरलेली तूर दर वर्षी आडवी पडते. एकदा तिथल्या गुरांच्या कोठ्याचा पत्रा उडून नाल्यात गेला होता. चढावर पोहोचलो आणि माझी छत्री उलटी झाली. ती सरळ करायला वळलो तर टोपी गेली. मी टोपीमागे थोडा पळालो आणि मग मधेच उभा राहिलो.

गावातल्या एकाही माणसानं मला बरडाचं नाव सांगितलं नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं. बरडावरच्या या सोसाट्याला आमच्या गावात कोणी वारा म्हणतच नाही. तो ताप. तूर लोळवतो, पत्रे नेतो. वारा म्हणजे आमच्याकडे उपणायचा वारा, जो भुसा नेईल पण दाणा नेणार नाही. बापजाद्यांनी खळ्यासाठी मुद्दाम बरडाच्या आडोशाची जागा निवडली होती. जोराचं सगळं बरडानं अडवायचं आणि गाळून थोडंसं खाली सोडायचं, अशी. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना ज्वारी उपणायची होती. पवनचक्की मला लावायची होती, आणि मी तिला पंचक्रोशीतल्या सगळ्यात सौम्य वाऱ्यात नेऊन उभी केली होती.

मला त्या क्षणी खाली जाऊन सांगता आलं असतं, की मशीन वर आणू. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, की मग त्या दिवशी दिवा कसा लागला? मी टोपी झटकून घातली आणि घरी आलो.

त्यानंतर काही वर्षं गेली. पवनचक्की खळ्यावरच होती. शेपटीवरचं दुकानाचं नाव रस्त्याकडे तोंड करून उभं होतं आणि त्याच्या पुढे पाती कशीबशी फिरत होती. एखाद्याची बदनामी करायला इतका उंच फलक कोणी मुद्दामही लावला नसता. मेहकरच्या बाजारात लोक त्याला विचारू लागले, "तुह्याकडची मोटर उद्घाटनापुरतीच चालते का बे?" आधी तो भांडायचा, मग हसण्यावारी न्यायचा. पुढे गिऱ्हाइकं मोटारी घेऊन दुसरीकडे जाऊ लागली. आमच्या गावची तर सगळीच.

याच काळात मला शाल मिळाली. प्रयोग करणारा ज्येष्ठ नागरिक म्हणून. बंद पडलेल्या यंत्रालाही मान असतो, फक्त तो बनवणाऱ्याला मिळत नाही.

एकदा मी मेहकरला त्याच्या दुकानात गेलो, तर दारावर पाटी होती, 'वाइंडिंग बंद'. आत वायर, टेप, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर विकायला मांडले होते. वाइंडिंगचं हातयंत्र कोपऱ्यात पोत्याखाली होतं. मी विचारलं, काऊन बंद केली? तो म्हणाला, हात गेला भाऊजी. दोष आहे आणि मला तो सापडत नाही, म्हणजे नजरही गेली. आता दुसऱ्याची मोटार जाळण्यापेक्षा टेप विकलेली बरी.

त्याला जरा खुलवावं म्हणून मी लोणारचा विषय काढला. तिथून वारा निघतो म्हणतोस, ते कसं काय, असं विचारलं. त्यानं होल्डरवरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "तुमचंच बरोबर असन."

एवढ्या वर्षांत त्या वादात मी पहिल्यांदा जिंकलो होतो. चहा न घेता उठलो.

सांगायचं ठरवलं, पण ज्याला सांगायचं त्याला सांगायची छाती झाली नाही. चार लोकांत सांगणं सोपं वाटलं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर नेहमीची मंडळी बसली होती. मी उभा राहून स्पष्ट सांगितलं, की उद्घाटनाच्या दिवशी बॅटरी मी घरच्या लाइनवर भरली होती, वाऱ्यावर दिवा कधीच लागला नव्हता, जागा माझी चुकली, मशीनमधे काही दोष नव्हता.

मग एक जण म्हणाला, "सर, साळ्यासाठी एवढं कोन करते आजकाल."

मी म्हणालो, की अरे, खरंच सांगतो आहे. तो म्हणाला, तेच तर. दुसऱ्यानं सांगितलं, की मोठ्या मनाचा माणूस स्वतःवर ओढून घेतो. टपरीवाल्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. खरं बोलून मी गेलो होतो तेव्हापेक्षा जास्त इज्जत घेऊन परत आलो आणि साळ्याच्या नावावर आणखी एक ओळ चढली, की भाऊजींना त्याच्यासाठी खोटं बोलावं लागतं.

ही बातमी माझ्या आधी घरी पोहोचली होती. बायको तांदूळ निवडत होती. तिनं ताटातून डोकं वर न काढता सांगितलं, की टपरीवर तुम्ही माझ्या भावाची बाजू घेतली म्हणे. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, की बाजू घेतली नाही, जे झालं ते सांगितलं. खाटेखालची बॅटरी तू पाहिली होतीस ना?

तिचा हात थांबला. म्हणाली, "ते तर मले माहीत होतं. मले वाटलं, तुमी दोघायनं मिळून केलं."

मग मला कळलं. इतकी वर्षं ती भावाशी तुटक वागत होती. राखी बांधायची, जेवू घालायची, पण पूर्वीसारखं बोलायची नाही. मला वाटायचं, मशीन बिघडल्याची शरम असेल. तिनं मनात धरलं होतं, की साध्या नवऱ्याला या लबाडीत तिच्या भावानं ओढलं. साधा नवरा म्हणजे मी.

तिनं ताट बाजूला सारलं आणि लुगडं बदलायला आत गेली. बाहेर आली ती पिशवी घेऊनच. पुढची मेहकरची गाडी कधी आहे, एवढंच विचारलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं भावाला सांगितलं, की हे काहीतरी सांगणार आहेत, ते संपेपर्यंत तू बोलू नको. तो आता बोलत नव्हताच. मी सगळं सांगितलं. चार्जर, खाट, आषाढातली टोपी. तो माझ्याकडे न बघता टेपचं एक रीळ बोटात फिरवत होता.

मग म्हणाला, "लबाडी केली त्याचं मले काही नाही भाऊजी. पन म्या किती खेपा ते मशीन खोललं. पाने तुमीच देऊन राह्यले होते."

बहीण त्याच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसली. तिनं त्याला सांगितलं, की मीही तुलाच चोर समजत होते. त्यानं मान हलवली. चहा कोणी मागवला नाही. निघताना त्यानं फक्त विचारलं, बरडावर जायला ट्रॅक्टर चढतो का? मी म्हणालो, चढतो.

ऐन आखाडात खांब बरडावर उभा केला. ताणांच्या खुंट्या मुरमात ठोकताना दम निघाला. मशीन तेच, पाती तीच. त्यानं एक वेटोळंही बदललं नाही. बदलू दे म्हणून मीच म्हणत होतो, इतकी वर्षं उन्हापावसात काढलेलं आहे. तो म्हणाला, हात लावायचा नाही. खांब वर गेला, शेपूट गरकन वळली आणि पाती दिसेनाशी झाली. नुसता आवाज. त्यानं मीटर लावला आणि बराच वेळ काट्याकडे पाहत उकिडवा बसून राहिला.

मग उठून त्यानं तोंडावर आलेले केस मागे केले आणि म्हणाला, "पाहा, लोणारकडूनच येऊन राह्यला."

वारा पश्चिमेकडून येत होता. लोणार आमच्या डाव्या हाताला, दक्षिणेकडे होतं. मी त्याला तसं सांगितलं.

"तुमी पाह्यलं का?" तो म्हणाला.

त्याच्या बहिणीनं पदरात तोंड लपवलं. मी वाद वाढवला नाही.

बरड घरापासून लांब आहे. इतक्या लांब वायर नेली तर निम्मी वीज वायरीतच जिरते. म्हणून बॅटरी वर भरायची आणि मोटारसायकलवर बांधून खाली आणायची, असं चाललं आहे. वाऱ्याची वीज आमच्याकडे पेट्रोलवर येते. देऊळघाटच्या व्याह्यांनी हे ऐकलं तेव्हा ते खूप वेळ हसले आणि या वेळी मी त्यांच्याबरोबर हसलो. ओसरीतला एक दिवा आणि एक पंखा चालतो. हिवाळ्यात तेही जपून.

गावाला हे दिसलं. पण गावाचा हिशोब कच्चा नसतो. मशीन चालू लागलं त्या आठवड्यातच टपरीवर ठरलं, की सरांनी शेवटी दुसरीकडून वाइंडिंग करून घेतली. कोणाकडून, यावर दोन मतं आहेत. कोणी जालन्याचं नाव घेतो, कोणी अकोल्याचं. मी नाही म्हणालो की ते डोळे मिचकावतात. साळ्याचा मान राखतात सर, म्हणतात.

साळ्याच्या कानावर गेलं तेव्हा तो रंगाचा डबा घेऊन आला. खांब आडवा करून घेतला, शेपटीवरचं जुनं सगळं खरवडलं आणि पेंटर न बोलावता स्वतःच्या हातानं लिहिलं, 'वाइंडिंग तीच आहे'. दुकानाचं नाव घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, ज्याले कळन त्याले कळन. दुकानातल्या हातयंत्रावरचं पोतं त्यानं काढलं आहे. मेहकरच्या दोन-तीन मोटारी आल्या आहेत. आमच्या गावची अजून एकही नाही.

बरडावर वारा जोराचा आहे, शेपूट सारखी वळत असते आणि रस्ता लांब आहे. एसटीतून ती अक्षरं वाचता येत नाहीत. वाइंडिंग तीच आहे. जागा माझी चुकली होती आणि तो दिवा मी लाइनवर लावला होता.